बी.ए. राज्यशास्त्राला शिष्यवृत्ती: कोणता अर्ज आधी भरायचा?

राजापूर_एसटी

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीने यंदा रत्नागिरीत एफ.वाय.बी.ए.ला प्रवेश घेतलाय. मुख्य विषय राज्यशास्त्र, तुकडी अनुदानित. बारावी कला शाखा, कोकण बोर्ड, ८२ टक्के. आम्ही कुणबी (ओबीसी), वडील गवंडीकाम करतात, तहसीलदारांच्या दाखल्यावर उत्पन्न १ लाख ८० हजार. गाव राजापूर तालुक्यात आत आहे, रोज जाऊन-येऊन जमणार नाही. खोली घेऊन राहावं लागेल.

गावात एक जण सांगतो की मुलींना आता सगळं शिक्षण फुकट आहे, अर्ज करायची गरजच नाही. दुसरा म्हणतो आर्ट्सवाल्यांना काही मिळत नाही, शिष्यवृत्त्या सगळ्या इंजिनिअरिंगच्या. माझे प्रश्न तीन:

१. कुठले अर्ज करायचे आणि कोणत्या क्रमाने?
२. दोन शिष्यवृत्त्या एकदम घेता येतात का?
३. खास राज्यशास्त्राच्या मुलांसाठी बक्षिसं, स्पर्धा वगैरे काही आहे का? तिला वाचनाची आवड आहे, बोलतेही बरी.

शुल्कखिडकी

गावातले दोघेही चुकीचं सांगतायत. मुलींच्या शंभर टक्के फी-माफीचा ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे. इंजिनिअरिंग, फार्मसी, असे. साधी बी.ए. त्यात बसत नाही. प्रवेशाच्या वेळी "फुकट आहे ना" म्हणून फॉर्म न भरता घरी जाणाऱ्या मुली दरवर्षी निघतात, आणि मुदत गेल्यावर कोणी काही करू शकत नाही.

आता मुद्द्याचं. प्रवेशाची पावती समोर घ्या. वरच्या एका ओळीत शिक्षण शुल्क असेल आणि खाली ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, विद्यापीठाचं काय काय. शासन परत करतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. बाकीच्या ओळी तुमच्याच. अनुदानित तुकडीत ती वरची ओळ मुळातच किरकोळ असते, म्हणजे फी-माफीच्या योजनेसाठी कितीही खटपट केली तरी पदरात थोडंच पडतं. तुमच्या बहिणीचा खरा खर्च खोली, मेस आणि येणं-जाणं हा आहे. त्यामुळे राहण्या-जेवण्याचे पैसे देणाऱ्या योजना आधी, फीच्या नंतर. (तुकडी विनाअनुदानित असती तर उलटं सांगितलं असतं. "अनुदानित" हे तुम्ही ऐकीव सांगताय की पावतीवर बघून, ते एकदा तपासा. एकाच कॉलेजात दोन्ही तुकड्या असतात.)

क्रम असा ठेवा.

पहिलं, वसतिगृह आणि आधार योजना. इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या मुलींच्या वसतिगृहासाठी अर्ज करायचा. तिथे जागा मिळाली तर प्रश्नच मिटला. नाही मिळाली तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. ओबीसी, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ती आहे, उत्पन्न मर्यादा अडीच लाख, जिल्ह्याला ६०० विद्यार्थी. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकत असेल तर वर्षाला ४३,००० रुपये: भोजन २५,०००, निवास १२,०००, निर्वाह ६,०००. तालुक्याच्या गावी कॉलेज असेल तर ३८,०००. अट अशी की मुलगी शिकते त्या गावची रहिवासी नसावी. तुमचं गाव राजापूर तालुक्यात, कॉलेज रत्नागिरीत, म्हणजे अट पुरी होते. पण आधार कार्डावर पत्ता कुठला आहे ते बघा. खोली घेतल्याबरोबर आधारवर रत्नागिरीचा पत्ता टाकून घेणारे शहाणे असतात, मग छाननीत "स्थानिक" असा शेरा पडतो. पत्ता गावचाच राहू द्या. भाड्याचा करार किंवा घरमालकाचं पत्र वेगळं जोडायचं असतं.

दुसरं, केंद्राची शिष्यवृत्ती. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर "पीएम-यूएसपी केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती" नावाने मिळेल. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२,०००. उत्पन्न मर्यादा साडेचार लाख. बारावीत आपल्या बोर्डाच्या, आपल्या शाखेच्या ८० पर्सेंटाइलच्या वर असलं पाहिजे. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, शंभरातल्या ऐंशी जणांच्या पुढे असणं, हे दरवर्षी खिडकीवर सांगावं लागतं. ८० टक्के नाहीत म्हणून अर्जच न करणारी कला शाखेची मुलं पुष्कळ वेळा पात्र असतात, कारण कलेचा कट-ऑफ वेगळा लागतो. तुमच्या बहिणीने बिनधास्त भरावा. मात्र पात्र म्हणजे निवड नाही. देशभरात नव्या शिष्यवृत्त्या ८२,०००, निम्म्या मुलींना, आणि विज्ञान-वाणिज्य-कला यांचं वाटप ३:२:१. म्हणजे कलेच्या वाट्याला सहावा हिस्सा. राज्याच्या कोट्यात गुणवत्ता यादी लागते, ओबीसीला २७ टक्के राखीव.

तिसरं, महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्ती पोर्टल) "ओबीसी विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क". उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र. रक्कम कमी, तरी ती तुमचीच आहे.

चौथं राहिलं आणि तेच लोक विसरतात. वडील गवंडी म्हणालात. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे त्यांची नोंदणी आहे का? असेल तर पदवीच्या प्रत्येक वर्षासाठी २०,००० रुपये शैक्षणिक साहाय्य आहे, पहिल्या दोन अपत्यांपर्यंत. पैसे वडिलांच्या खात्यात येतात.

दोन शिष्यवृत्त्यांचं: केंद्राचे १२,००० आणि महाडीबीटीची फी-परतफेड, दोन्हींचे पैसे घेता येत नाहीत. दोन्हीकडे आधार क्रमांक तोच, त्यामुळे लपतही नाही. केंद्राच्या यादीत नाव आलं तर ते ठेवा आणि महाडीबीटीचा अर्ज कॉलेजमध्ये लेखी देऊन मागे घ्या. आकड्यांत काही तुलनाच नाही.

जांभा_चिरा

बांधकाम मंडळाबद्दल थोडं सविस्तर, कारण कोकणात नेमकं इथेच अडतं.

नोंदणी असून भागत नाही, ती अर्जाच्या दिवशी चालू लागते. दरवर्षी नूतनीकरण, आणि प्रत्येक वेळी गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र. ते ठेकेदार देतो किंवा ग्रामसेवक. आपल्याकडे पावसात चार महिने चिऱ्याचं काम बंद, गवंडी शेतावर. नूतनीकरणाची तारीख जुलै-ऑगस्टात येत असेल तर ठेकेदार भेटत नाही, नोंदणी संपून जाते, आणि पोरीचा अर्ज भरायला बसल्यावर पडद्यावर "निष्क्रिय" दिसतं. पाऊस लागायच्या आधी, मे महिन्यातच ९० दिवसांचा कागद हातात घेऊन ठेवायचा. ग्रामसेवकाकडून घेणार असाल तर त्यावर जावक क्रमांक, तारीख आणि शिक्का तीन्ही आहेत का बघा. जावक क्रमांक नसलेला कागद परत येतो.

फी म्हणाल तर नूतनीकरणाला १ रुपया. त्यासाठी हजार-पाचशे मागणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

अर्जाला लागतं ते: वडिलांचं ओळखपत्र, मुलीचं बोनाफाईड, चालू वर्षाची फी पावती, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, रेशन कार्ड, बँक पासबुक. रेशन कार्डात मुलीचं नाव नसेल तर आधी तेच काम. हे साहाय्य आणि केंद्राची शिष्यवृत्ती दोन्ही घ्यायचा विचार असेल तर हमीपत्रात काय लिहिलंय ते वाचून मगच सही. कोरं हमीपत्र सही करून एजंटाकडे देऊ नका.

राजापूर_एसटी

खूप आभार. वडिलांचं कार्ड आहे, पण चालू आहे का ते बघावं लागेल. बँक खातं बहिणीचं आहे, आधार लिंक आहे. ते पुरेल ना?

सेतू_पाली

"आधार लिंक आहे" या तीन शब्दांवर निम्म्या शिष्यवृत्त्या अडकतात.

बँकेने खात्याला आधार क्रमांक जोडला म्हणजे केवायसी झालं. सरकारी पैसे पडतात ते खातं क्रमांकावर नाही, आधार क्रमांकावर. कुठल्या बँकेत टाकायचे हे एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार चालवणारी राष्ट्रीय संस्था) नोंदीवरून ठरतं, आणि त्या नोंदीत एका आधारला एकच बँक असते, शेवटी जी सीड केली, म्हणजे आधारशी नोंदवली ती. आता होतं काय, मोबाइलच्या दुकानात सिम घ्यायला गेल्यावर दुकानदार अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातंही उघडून देतो. ते खातं आपोआप सीड होतं. मुलीच्या हातात राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक, पैसे पडतात मोबाइलवरच्या खात्यात, आणि घरचे वर्षभर म्हणतात पैसे आलेच नाहीत.

आधारच्या संकेतस्थळावर "बँक सीडिंग स्टेटस" बघा. ओटीपी टाकला की बँकेचं नाव आणि सक्रिय आहे की नाही ते दिसतं. चुकीची बँक दिसली तर योग्य बँकेत जाऊन "डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग" असा फॉर्म मागा. नुसतं "आधार लिंक करायचंय" म्हटलंत तर कॅशियर सांगेल झालेलंच आहे. काही दिवसांनी पुन्हा स्टेटस बघा, त्यानंतरच पोर्टलवर अर्ज.

आणखी एक. मुलीचं खातं लहानपणी शाळेत उघडलेलं शून्य शिलकीचं असेल तर ती १८ पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी करून घ्या. नाहीतर खातं गोठलेलं असतं आणि पैसे आल्या पावली परत.

महाडीबीटीचा अर्ज मोबाइलवर भरू नका, होतो पण रडवतो. प्रोफाइलचे सहा भाग आहेत: वैयक्तिक, पत्ता, पालकांची माहिती, चालू अभ्यासक्रम, मागचं शिक्षण, वसतिगृह. सगळे पूर्ण झाल्याशिवाय योजना दिसतच नाहीत, किंवा चुकीच्या दिसतात. "माझ्या पोराला ओबीसीची योजना दिसत नाही" म्हणून येतात, बघितलं तर जात प्रमाणपत्राच्या खान्यात "नाही"वर टिक केलेलं. चालू अभ्यासक्रमात कॉलेजचं नाव निवडताना अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन नोंदी खाली-वर असतात, पावतीशी जुळवूनच निवडा. कागद स्कॅन करताना २५६ केबीच्या आत, पण दाखल्यावरचा बारकोड आणि क्रमांक वाचता आला पाहिजे. फोटो काढून आकार इतका कमी करतात की नुसतं पिवळं दिसतं, मग "सेंड बॅक", म्हणजे अर्ज परत.

नावाचंही बघा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, तो क्रम चालतो. वडिलांच्या नावातलं स्पेलिंग वेगळं असेल तर चालत नाही. ते आधी दुरुस्त करा, अर्जानंतर नाही.

वेधशाळा_प्रा

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून लिहितो.

राज्यशास्त्राच्या पदवीच्या मुलाला विषयाच्या नावाने मिळणारी मोठी रोख शिष्यवृत्ती जवळपास नाही. जे आहे ते तिन्ही वर्षांत थोडं थोडं कमवावं लागतं आणि ते कागदावर साठवावं लागतं. त्याचा उपयोग पदवीनंतरच्या फेलोशिपला होतो. तिथे रक्कम खरी आहे.

पहिल्या वर्षाला लगेच करण्यासारखं एक: रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती. शाखेची अट नाही, फक्त प्रथम वर्ष, बारावीला ६० टक्के, कौटुंबिक उत्पन्न १५ लाखांच्या आत आणि अडीच लाखांच्या आतल्यांना प्राधान्य. देशभरात ५,००० जण, पूर्ण पदवीसाठी मिळून २ लाखांपर्यंत. ऑनलाइन कल चाचणी सक्तीची, तासाभराची: भाषा, तर्क, आकडेमोड. कला शाखेची मुलं आकडेमोडीत मार खातात. दहावीपर्यंतचं शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी पुन्हा करून बसावं. आणि चाचणी घरून द्यायची असते म्हणून गावच्या पडवीत बसू नये. मध्येच रेंज गेली तर सांगणार कोणाला? रत्नागिरीत नेट चांगलं असेल तिथे बसावं.

स्पर्धांत सर्वांत उपयोगाची "आविष्कार". राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा, २००६ पासून चालू. मानव्यविद्या, भाषा, ललित कला असा तिचा एक गट आहे आणि पदवीचा स्तर वेगळा, म्हणजे एफ.वाय.ची मुलगी एम.ए.वाल्यांशी भिडत नाही. कॉलेज, मग विभाग, मग विद्यापीठाची अंतिम फेरी, मग आंतरविद्यापीठ. मुंबई विद्यापीठात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या कॉलेजांची विभागीय फेरी इकडेच होते, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

यात आपली मुलं कुठे पडतात ते सांगतो. विषय घेतात "भारतीय लोकशाहीपुढील आव्हाने". वर्गातल्या चाळीस जणांना गुगल फॉर्म पाठवतात, दोन वर्तुळाकार आलेख काढतात, पोस्टर रंगीत करतात. परीक्षक पहिलाच प्रश्न विचारतो: हे चाळीस जण कसे निवडलेत? तिथेच संपतं. परीक्षकाला भव्य विषय नको असतो. एक छोटा प्रश्न आणि त्याचं पुराव्यासकट उत्तर हवं असतं.

कोकणातल्या मुलांजवळ असे विषय अंगणात पडलेत. उदाहरणार्थ: ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल ती. आपल्या गावांत मतदार यादीत असलेले निम्मे चाकरमानी मुंबई-ठाण्यात. मग गणपूर्ती होते तरी कशी? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या सभांची उपस्थिती वेगवेगळी पडते का? १ मे ला चाकरमानी आंब्याला आलेला असतो, २६ जानेवारीला नसतो. तहकूब सभा किती, त्या पुन्हा कधी झाल्या, त्यात ठराव कुठले झाले? पाच ग्रामपंचायती, तीन वर्षं, प्रत्येकी चार सभा. साठ नोंदी झाल्या, एका मुलीला पुरे. ही राज्यशास्त्राची खरी सामग्री आहे आणि ती कपाटात इतिवृत्ताच्या वहीत बंद आहे.

खोती पद्धतीवर (खोताने कुळांकडून वसुली करण्याची कोकणातली जुनी जमीनपद्धत) करायचं तर तेही आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, कायदा झाला १९४९ मध्ये. मधल्या बारा वर्षांत काय झालं, हा प्रश्न विधिमंडळाच्या कार्यवाहीतून शोधता येतो. पण पहिल्या वर्षाला मी ग्रामसभाच सुचवीन. कागदपत्रं वाचायची सवय तिथे लागते.

वक्तृत्व बरं असेल तर युवा संसद. १८ ते २५ वयोगट, युवक व क्रीडा मंत्रालयाची, जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी चढण. २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा राष्ट्रीय पातळीवरची पहिली तीन बक्षिसं २ लाख, दीड लाख आणि १ लाख अशी होती. २०२५ पासून ती "विकसित भारत युवा संसद" झाली आणि प्रवेशासाठी माय भारत पोर्टलवर एक मिनिटाची चित्रफीत टाकावी लागली. त्या एका मिनिटात शाळेतल्या भाषणासारखी शेरोशायरी म्हणणारे पहिल्या चाळणीत गळतात. एक दावा, एक आकडा, एक उपाय. साठ सेकंदांत मराठीत साधारण १२० शब्द बसतात, त्याहून जास्त लिहू नका.

तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेचा संसदीय अभ्यासवर्ग लक्षात ठेवा. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात असतो, राज्यशास्त्र आणि लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांसाठीच. स्वतंत्र अर्ज करून जाता येत नाही, नावं विद्यापीठाकडून जातात. म्हणून दिवाळीच्या आधीपासून विभागप्रमुखांच्या मागे लागायचं.

नीती आयोगाच्या इंटर्नशिपची जाहिरात फिरते, तिची अट सहसा कोणी पुरी वाचत नाही. पदवीचं दुसरं वर्ष झालेलं हवं आणि बारावीला ८५ टक्क्यांच्या खाली नको. शिवाय ती बिनपगारी. ८२ वर ते दार बंद आहे, तिथे वेळ घालवू नये.

पदवीनंतर मात्र दोन नावं आजच भिंतीवर लिहून ठेवा. मुख्यमंत्री फेलोशिप: वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के, वर्षभराचा अनुभव, साधारण ६० जागा. दुसरी लॅम्प फेलोशिप: वय २५ पर्यंत, पदवी, आणि काम थेट एखाद्या खासदारासोबत, प्रश्न आणि विधेयकांवर. दोन्हींना अर्जासोबत लेखन लागतं, आणि ग्रामसभेच्या साठ नोंदी वाचलेल्या मुलीकडे लिहायला काहीतरी असतं.

राजापूर_एसटी

सर, ग्रामसभेचा विषय तिला सांगितला, तिने लगेच धरला. पण ग्रामपंचायतीत इतिवृत्त मागितलं तर देतील का? आमच्या गावात तर "कशाला पाहिजे" इथूनच सुरुवात.

वेधशाळा_प्रा

आधी कॉलेजचं पत्र घेऊन ग्रामसेवकांना भेटायचं. अभ्यासासाठी हवंय, राजकारणासाठी नाही, हे दिसलं की बहुतेक ठिकाणी वही समोर ठेवतात. पाचांपैकी गावाबाहेरच्या निदान तीन पंचायती घ्या. स्वतःच्या गावात नाव-आडनावावरून तर्क चालू होतात.

नाहीच दिली तर माहितीचा अधिकार. साध्या कागदावर विहित नमुना, १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप, ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. कारण सांगावं लागत नाही, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्राच्या नियमात मजकूर १५० शब्दांपर्यंत आणि एका अर्जात एकच विषय. "उपस्थिती, ठराव, खर्च आणि घरकुल यादी" असं एकत्र मागितलं की अर्ज परत येतो. असं लिहा: "दि. १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५ या कालावधीतील सर्व ग्रामसभांच्या इतिवृत्ताच्या व उपस्थिती नोंदवहीच्या छायाप्रती." संपलं. प्रती महाग पडतील असं वाटलं तर "अभिलेखाचे निरीक्षण करायचे आहे" असं लिहा, वही बघून स्वतः टिपून घेता येतं.

उपस्थिती मोजताना सह्या आणि अंगठे वेगळे मोजा, बायका-पुरुष वेगळे. नावं पोस्टरवर छापू नका. पंचायतींनाही क, ख, ग म्हणा.

बाणकोट_खाडी

मध्येच विचारतो. मंडणगडचा पोरगा, अनुसूचित जाती (नवबौद्ध), हाच विषय, पण मुंबईत प्रवेश घेतलाय. उत्पन्न दोन लाखांच्या आत. त्याला वरचंच सगळं लागू का?

शुल्कखिडकी

रचना तीच, नावं वेगळी. समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज आधी, जागा नाही मिळाली तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. मुंबईत असल्याने वर्षाला ६०,०००: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. उत्पन्न मर्यादा अडीच लाख.

महाडीबीटीवर त्याला भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. बी.ए. तिसऱ्या गटात येते, वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला ६,०००, बाहेर राहणाऱ्याला ३,०००, शिवाय फी. स्वाधार मिळाली तर या शिष्यवृत्तीतला निर्वाह भत्ता त्यातून वजा होतो, म्हणून स्वाधारचे पूर्ण ६०,००० धरून खोलीचं भाडं ठरवू नका.

त्याने बघायची आणखी एक गोष्ट: या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के हिस्सा. दोन्ही एका दिवशी येत नाहीत. केंद्राचा हिस्सा थेट मुलाच्या खात्यात पडतो आणि त्यात कॉलेजची फीही असते. पोराला वाटतं सगळे आपलेच, मग कॉलेज निकाल अडवतं. खात्यात पडल्या पडल्या फीचा भाग भरून पावती घ्यावी.

जांभा_चिरा

फौजी घरातली मुलं इथे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: पंतप्रधान शिष्यवृत्ती व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, बी.ए.ला नाही. बी.ए.ला हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना केंद्रीय सैनिक बोर्डाचं शैक्षणिक अनुदान मिळतं. महिना १,००० होतं, नोव्हेंबर २०२५ पासून २,००० झालं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. महाड-पोलादपूरकडे हे बऱ्याच जणांना माहीत आहे, खाली राजापूर-लांज्याकडे कमी.

राजापूर_एसटी

सीडिंग स्टेटस बघितलं. सेतूवाल्या दादांनी म्हटलं तेच निघालं, मोबाइलवाल्या खात्याचं नाव येतंय. उद्या बँकेत. शेवटचा प्रश्न: केंद्राच्या पोर्टलवर अर्ज सबमिट झाला की आपलं काम संपलं ना?

शुल्कखिडकी

नाही. आधी ओटीआर, म्हणजे एकदाच करायची नोंदणी, आधार आणि चेहरा पडताळणीने. तो क्रमांक पदवी संपेपर्यंत तोच, वहीत लिहून ठेवा. मग अर्ज. सबमिट झाल्यावर तो कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याच्या (शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्याच्या) लॉगिनला जातो. त्यांनी मुदतीत पडताळणी केली नाही तर अर्ज तिथेच मरतो, तुमची काही चूक नसताना. मुदत साधारण ऑक्टोबरअखेर असते. वाढते पुष्कळदा, पण वाढेल म्हणून थांबू नका, गणपतीच्या आधी भरून टाका. सबमिट केल्यावर प्रिंट काढून, उत्पन्नाचा दाखला आणि बारावीची गुणपत्रिका जोडून कार्यालयात द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आठवड्याने पोर्टलवर स्थिती बघा. "डिफेक्टिव्ह" आलं असेल तर कारण लिहिलेलं असतं, दुरुस्त करून परत पाठवता येतं, पण मुदत असेतोवरच.

पुढच्या वर्षी नूतनीकरण विसरू नका. ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी. हजेरीचा दाखला मागायला मार्चमध्ये जाऊन उपयोग नाही, प्रत्येक सत्र संपलं की आपली टक्केवारी कार्यालयात विचारून ठेवायची. एकदा नूतनीकरण चुकलं की मधलं वर्ष भरून मिळत नाही.

आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच दोन-तीन साक्षांकित प्रती काढून ठेवा. वसतिगृह, केंद्र, महाडीबीटी, सगळीकडे त्याच वर्षाचा, त्याच आकड्याचा दाखला गेला पाहिजे. एका ठिकाणी १ लाख ८० आणि दुसरीकडे नव्याने काढलेला १ लाख २० असं झालं की दोन्ही अर्ज चौकशीत जातात.